आठ फुटी, नऊ फुटी, दहा फुटी

२०१९ सालच्या दिवाळीचा आठवडा होता आणि पाऊस काही केल्या थांबत नव्हता. मणेराजुरीकडचे एक बागायतदार सकाळी साडेसातला आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून आणलेला लोखंडाचा तुकडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "वहिनी, पंपाखालची ब्रॅकेट मोडलीया. असलीच एक द्या. बाग फुलोऱ्यात हाय, डाऊनी चढायला लागलाय."

डाऊनी म्हणजे पावसाळी हवेत द्राक्षावर पसरणारा बुरशीचा रोग. आम्ही द्राक्षबागेचे ब्लोअर बनवतो. ट्रॅक्टरच्या मागे औषधाची टाकी, पंप, गिअरबॉक्स आणि मोठा पंखा, असं ते यंत्र. पंख्याच्या वाऱ्यावर औषध पानापानापर्यंत पोचतं. माझे सासरे, मामंजी, यांनी हा उद्योग उभा केला. मी बी.कॉम. झालेली, लग्नाआधी एका पतसंस्थेत कॅशिअर होते. २०१६ पासून इथलं स्टोअर आणि हिशेब बघते.

त्या सकाळी रॅकवर पंपाच्या ब्रॅकेटचे चौदा प्रकार होते. चौदाही काढून त्या मोडक्या तुकड्याशेजारी ठेवून पाहिले. एकही जुळला नाही. मशीन आमचंच होतं, चार वर्षांपूर्वीचं. त्यांचा ट्रॅक्टर छोटा, मागची जागा कमी, म्हणून मामंजींनी पंप आडवा फिरवून खास त्यांच्यासाठी ब्रॅकेट बनवली होती. मापं मामंजींच्या वहीत. आणि वह्या सांगलीच्या गावभागातल्या घरी, खालच्या खोलीतल्या कपाटात. ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ते कपाट पाच दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर वह्यांचा लगदा आम्ही फावड्यानं काढला.

दिवाळीमुळे कामगार सुट्टीवर. फोरमन मामांना घरून बोलावलं. त्यांनी मोडक्या तुकड्यावरून माप घेतलं, पण तुकडा वाकलेला होता. संध्याकाळी ब्रॅकेट तयार करून दिली, ती बागेत जाऊन बसवताना अर्ध्या इंचानं चुकली. दुसऱ्या दिवशी परत. फवारणी सुरू व्हायला दीड दिवस गेला. पाऊस आणि फुलोरा एकत्र आल्यावर दीड दिवस म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. त्यांच्या खालच्या अंगाच्या एकरभर बागेतले घड कुजले. सगळं आमच्यामुळे झालं असं ते कधी म्हणाले नाहीत. त्या वर्षी पुष्कळांचं नुकसान झालं. पण मी ते विसरलेले नाही, आणि पुढचं जे सगळं लिहितेय ते त्या पोत्यातल्या तुकड्यापासून सुरू झालं.

मामंजी मूळचे पलूसकडचे. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी त्यांच्या गावापासून जवळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट ते अजून सांगतात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्याला वाटायचं. त्यातून मामंजींनी घेतलेला धडा असा, की शेतकरी म्हणेल ते ऐकायचं. दारात आलेल्या माणसाला ते कधी नाही म्हणाले नाहीत. वेलींच्या दोन ओळींतलं अंतर धरून कुणाची बाग आठ फुटी, कुणाची नऊ, कुणाची दहा. वेल चढवायला कुणाचा मांडव, कुणाची वाय आकाराची चौकट. कुणाला टाकी पुढे सरकवून हवी, कुणाला ट्रॅक्टरच्या रंगाचंच मशीन हवं. प्रत्येक बदलामागे खरं कारण होतं. एकेक पाहिलं तर एकही चुकीचं नव्हतं. स्टोअरमध्ये मात्र ते सगळे बदल एकत्र राहायला येत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वर्कशॉप बंद. परवानगी मिळाल्यावर मी आणि नवरा रोज थोडा वेळ जायचो, आणि मी ठरवलं की स्टोअरमधली प्रत्येक वस्तू शेडच्या फरशीवर मांडायची. खडूनं चौकोन आखले. एका चौकोनात एकच प्रकार. तीन दिवसांत चौकोन शेडच्या बाहेर गेले.

वेगवेगळ्या ब्रॅकेट २३. त्यातल्या नऊंचा एकेकच नग. बोल्ट जाडी आणि लांबी धरून ४१ प्रकारचे. नोझल बसवायच्या रिंगा तीन व्यासांच्या, त्यातही भोकांची अंतरं वेगळी. दोन गिअरबॉक्स असे, की ज्या मशीनला ते बसतात ती मशीन आम्ही चार वर्षांत बनवलीच नव्हती. विकत घेऊन ठेवलेला पैसा, गंजत पडलेला.

मग वहीत गुणाकार केला. टाक्या चार, पंप तीन, पंखे दोन, ट्रॅक्टरला जोडायच्या पद्धती दोन, रिंगा तीन, रंग तीन. चार त्रिक बारा, दुणे चोवीस, दुणे अठ्ठेचाळीस, तीनदा एकशे चव्वेचाळीस, आणखी तीनदा चारशे बत्तीस. आम्ही वर्षाला दीडशेच्या आसपास ब्लोअर बनवतो. म्हणजे तीन वर्षं एकसारखं एकही मशीन न बनवता आम्ही काढू शकलो असतो, आणि जवळजवळ तसंच चाललं होतं.

हिशेबाची माणूस म्हणून मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की या प्रकारांचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नव्हता. खास ब्रॅकेटचं लोखंड किती, वेल्डिंगचा वेळ किती, ते मी लावत होते. ती शोधायला फोरमन मामांचे वीस मिनिटं गेले, ते कुणाच्या नावावर? लेथवाल्याकडे चुकीचं चलन गेलं, रिक्षा परत आली, ते? जिग, म्हणजे वेल्डिंग करताना भाग मापात धरून ठेवणारा साचा, खोलून दुसरी बांधायला अर्धा दिवस गेला, आणि पहिली परत बांधताना माप हललं, ते? हे सगळं मी 'इतर खर्च' म्हणून सगळ्या मशीनवर सारखं वाटत होते. म्हणजे ज्यानं साधं मशीन निमूटपणे नेलं, तो दुसऱ्याच्या खास मशीनचे पैसे भरत होता. आणि सगळ्यात मोठा खर्च चार वर्षांनी, पावसात, शेतकऱ्याच्या अंगावर पडत होता.

नवऱ्याचं मत एकदम दुसऱ्या टोकाचं झालं. एक मॉडेल, एक माप, घ्यायचं तर घ्या. त्यानं जेवताना फोर्डचं उदाहरण काढलं. मॉडेल टी गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळायची, आणि एकूण दीड कोटी गाड्या खपल्या. मामंजींनी भाकरी खाली ठेवली आणि विचारलं, "मग बंद का पडली?" नवऱ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही तिघांनी मिळून शोधलं. लोकांना पुढे रंग हवे झाले, वेगवेगळ्या ऐपतीच्या गाड्या हव्या झाल्या, जनरल मोटर्सनं त्या दिल्या, आणि १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी थांबवावी लागली. मामंजी म्हणाले, "आठ फुटी बागेत दहा फुटी मशीन घालून दाखव, मग एक माप कर." दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळे घरात आठ दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

वाट सापडली ती रंगाच्या दुकानात. पुरानंतर गावभागातल्या घराच्या भिंती वर्षभर वाळायला ठेवल्या होत्या. २०२० च्या पावसाळ्यानंतर रंग घ्यायला गेले. पुस्तिकेत हजारावर छटा. मी एक फिकट पिवळी निवडली आणि मनात आलं, हा माणूस एवढे डबे ठेवतो कुठं? दुकान तर आमच्या स्टोअरच्या निम्मं. मग पाहिलं. त्यानं पांढऱ्या बेसचा डबा उघडला, मशीनखाली ठेवला, आकडा दाबला. दोन नळ्यांतून रंगाचे थेंब पडले. डबा हलवायच्या यंत्रात घातला. दोन मिनिटांत माझा पिवळा तयार. त्याच्या मागे रचलेले डबे चार-पाच प्रकारच्याच बेसचे होते. फिकट रंगांना एक, गडद रंगांना दुसरा, असे.

मी त्याला विचारलं, पूर्वी कसं होतं? म्हणाला, पूर्वी रंग कंपनीतून तयार यायचा, जो मागाल तो संपलेला असायचा आणि जो पडून आहे तो कुणी मागायचं नाही.

मी डबा घेऊन घरी न जाता वर्कशॉपला गेले. डोक्यात एकच गोष्ट होती. त्याच्याकडेही हजार प्रकार आहेत, पण ते अगदी शेवटच्या दोन मिनिटांत जन्माला येतात. आमचे पहिल्याच दिवशी, लोखंड कापतानाच जन्माला येत होते, आणि तिथून पुढे प्रत्येक टप्प्यावर आम्हाला सांभाळावे लागत होते.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की याला नावही आहे आणि जगभर हे करतात. 'मास कस्टमायझेशन' हा शब्द स्टॅन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये वापरला. बेनेटन ही इटालियन कंपनी स्वेटर आधी बिनरंगाचे विणून ठेवायची आणि कुठला रंग खपतोय ते बघून मग रंगवायची. जपानच्या नॅशनल बायसिकलनं त्याच १९८७ च्या सुमाराला गिऱ्हाइकाच्या मापाची सायकल बनवून द्यायला सुरुवात केली. दुकानात माप घ्यायचं, कारखान्यात पाठवायचं, आणि त्यातून १ कोटी १२ लाख प्रकार होऊ शकत होते. मूळ मॉडेल अठराच. हा आकडा मी मामंजींना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यानं पण माप दुकानात जाऊनच घेतलं की."

त्या एका वाक्यावर पुढचं काम झालं. मामंजी, नवरा आणि मी २०२१ च्या उन्हाळ्यात खरड छाटणी झालेल्या बागांत फिरलो. सोनी, बेडग, सावळज, पलूसकडच्या बागा. मामंजींच्या हातात टेप, माझ्याकडे वही. शेतकरी काय मागतो ते लिहायचं नाही, त्याच्या बागेत काय वेगळं आहे ते लिहायचं, असं मी ठरवलं होतं.

टाकीचंच घ्या. एकाला पाचशे लिटर हवी, एकाला सहाशे. विचारत गेलं की कळतं, एकाची विहीर बागेच्या कडेला आहे आणि दुसऱ्याला पाणी भरायला अर्धा किलोमीटर जावं लागतं. पानं भरल्यावर एकरी चारशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, त्यामुळे एका टाकीत किती बाग उरकते यावर त्याची सकाळ ठरते. हा फरक खरा आहे. टाक्या चारही ठेवायच्या.

रिंगांचं उलटं निघालं. मांडवाखाली फवारा वर जायला हवा, वाय पद्धतीत तो तिरका दोन्ही बाजूंना. म्हणून आम्ही वेगळ्या रिंगा करत होतो. पण फरक होता तो नोझलच्या तोंडाचा. फिरवता येणारी आणि एकेक बंद करता येणारी नोझल बसवली की तीच रिंग दोन्हीकडे चालते. शेतकऱ्यानं पुढे वायचा मांडव केला तरी मशीन बदलायला नको. तीन रिंगांची एक झाली आणि त्यामुळे एकही गिऱ्हाईक नाराज झालं नाही. इतकी वर्षं आम्ही लोखंड बदलत होतो, बदलायचा होता कोन.

रंग मात्र मला काढून टाकायचा होता. मामंजींनी अडवलं. म्हणाले, नवा ट्रॅक्टर घेतलेल्या माणसाला मागचं मशीन त्याच रंगाचं दिसलं की काय वाटतं, ते तुला नाही कळायचं. शेवटी चेसिस सगळी काळी केली आणि फक्त पंख्याचं झाकण प्रायमर मारून ठेवायला लागलो. ऑर्डर आली की शेजारच्या गाळ्यातून ते त्या रंगात रंगवून घ्यायचं. सकाळी दिलेलं झाकण दुपारी परत. रंगाच्या दुकानातलं मशीन आमच्यापुरतं असं आलं.

चेसिसवर मी सगळ्यात मोठी चूक केली, ती लिहायलाच हवी. मला एकच चेसिस हवी होती. दोनशे लिटरपासून सहाशेपर्यंत सगळ्या टाक्या तिच्यावर बसतील, पंपासाठी गोल भोकांऐवजी लांबट भोकं, म्हणजे पंप पुढे-मागे सरकवता येईल आणि ब्रॅकेटचे २३ प्रकार एकावर येतील. कागदावर फार सुंदर दिसत होतं. पण सहाशे लिटर पेलायची म्हणजे चॅनेल जाड, आणि तेच जाड चॅनेल छोट्या ट्रॅक्टरच्या मागेही टांगलं गेलं. पहिल्याच चाचणीत चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. चालवणारा मुलगा अनुभवी होता म्हणून निभावलं. फोरमन मामा मला आधीच म्हणाले होते, "वहिनी, हलक्या बैलाला जड जू होतंय." मी ऐकलं नव्हतं. मला मोजलेले चौकोन कमी करायचे होते, आणि त्या नादात ट्रॅक्टर विसरले.

मग दोन घराणी केली. छोट्या ट्रॅक्टरचं हलकं, दोनशे लिटरचं, ट्रॅक्टरमागच्या तीन सांध्यांच्या जोडणीला, थ्री पॉइंटला, टांगायचं. आणि मोठं, चाकांवर ओढत न्यायचं, चारशे ते सहाशेसाठी. लहान पंखा हलक्याला, मोठा मोठ्याला. पंपाची ब्रॅकेट दोन्हीकडे तीच, लांबट भोकांची. पंप तीनावरून दोनावर. बोल्ट ४१ वरून बारावर. तेवढ्यानंच पान्यांचा खण अर्धा रिकामा झाला. चार टाक्या, दोन पंप, म्हणजे मूळ मशीन आठ. ४३२ चे आठ झाले. सप्टेंबरच्या गर्दीआधी आम्ही आता याच आठांचे सांगाडे तयार ठेवू शकतो, कारण कुठलं खपेल याचा अंदाज आठांत बांधता येतो, चारशेंत येत नाही.

आठच्या बाहेरचं कुणी मागितलं तर? यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. नवरा म्हणे नाही सांगायचं, मामंजी म्हणत कसं सांगू. मी दर काढून दाखवला. ड्रॉइंग, वेगळी जिग, त्या भागाचा एक जादा नग कायमचा स्टोअरमध्ये, सगळं धरून. ते पैसे आणि जादा तीन आठवडे देणार असेल तर बनवायचं, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर अजिबात घ्यायचं नाही. दर ऐकल्यावर दहातले आठ-नऊ जण विचारतात, "मग तुमच्यातलं कुठलं बसंल?" आणि टेप घेऊन बघितलं की बहुतेक वेळा बसतंच. जो उरतो त्याला खरंच वेगळं हवं असतं. त्याचं काम आम्ही आता मन लावून करतो, पूर्वी गर्दीत उरकायचो.

आणखी एक छोटी गोष्ट, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक चेसिसवर पंचानं नंबर ठोकतो. नंबरापुढे कुठली टाकी, कुठला पंप, नोझल कुठल्या कोनात, पंप कितव्या खुणेवर सरकवलाय, सगळं नोंदवलेलं. नोंद संगणकात, आणि छापील प्रत घराच्या वरच्या मजल्यावर. मशीन विकून शेतकऱ्याचं आणि आमचं नातं सुरू होतं. दहा वर्षं तो सुट्या भागांसाठी येत राहणार. आता फोनवर नंबर सांगितला की मी खणाकडे हात करते.

मणेराजुरीच्या त्या बागायतदारांचं जुनं मशीन २०२२ मध्ये आम्ही परत आणून नव्या चेसिसवर चढवून दिलं. पैसे घेतले नाहीत. त्यांनी पेटीभर द्राक्षं पाठवली, माणिक चमन, गोड मिट्ट.

मागच्या महिन्यात मामंजींचा फोन आला. कवठेमहांकाळच्या पुढे कुठल्याशा बागेत उभे होते. वय ७४, गुडघे दुखतात, तरी माप घ्यायला स्वतःच जातात.

"सात फुटी हाय," म्हणाले. "जुनी बाग. मांडव बी खाली. टेप तीनदा लावली. आपल्या आठात बसत नाही."

मी विचारलं, "त्यांना दर सांगितला?"

"सांगितला. चालतंय म्हणाले. तीन आठवडे बी चालतंय."

"मग घ्या."

पलीकडे थोडा वेळ वाऱ्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मापं सांगतो, लिही. आणि दोन प्रती काढ. एक माडीवर ठेव."

मी वही उघडली.